शून्य कुठून धरायचं

बेलापूरच्या कचेरीत, तिसऱ्या मजल्यावर,
समुद्र माझ्याकडे सहा ठिकाणांहून येतो.
दर सहा मिनिटांनी एक आकडा.
वसई, उत्तन, ऐरोली, दिवाळे, रेवस, मुरूड.
आणि सहा जणांची सहा शून्यं.

वसईचा डेरिक पुलाच्या खांबावरल्या पितळी खिळ्यापासून मोजतो,
मुरूडची सफिना गाळापासून,
गाळ बसतो, उठतो, तरी.
बंदरवाल्यांचं शून्य कुठे आहे ते बंदरवाल्यांनाच ठाऊक.
सात पत्रं गेली, आठव्याला उत्तर आलं:
विषय विचाराधीन आहे.
कुणाचं घड्याळ इथलं, कुणाचं ग्रीनिचचं.
साडेपाच तासांच्या फरकात
एकच भरती दोनदा चढते माझ्या तक्त्यावर
आणि मी फोन लावत बसते,
अहो, तुमची बाराची भरती म्हणजे नक्की कितीची?

समन्वयक म्हणजे गं काय, आई विचारते.
लग्नघरातली ती बाई, मी सांगते,
जिच्या कमरेला सगळ्या किल्ल्या असतात
आणि एकही खोली तिची नसते.

भाद्रपदात दिवाळ्याच्या जेटीवरचं यंत्र गेलं.
कुणाच्या तरी नांगराच्या दोराने केबल ओढली.
पडद्यावरची रेघ तुटली, पुढे नुसते
नऊ, नऊ, नऊ.
नऊ म्हणजे आमच्यात: नोंद नाही.

अकराव्या दिवशी मी गेले. सुकती होती.
चिखलावर निवट्या उड्या मारत होत्या, तिवरांच्या मुळ्या उघड्या,
आणि हसुराम कोळी जाळं सांधत बसलेला.
मान वर न करता म्हणाला,
"बाय, तुमचा यंत्र निजलाय. पानी नाय निजला."

जेटीच्या भिंतीवर त्याच्या खुणा,
होडीला लावून उरलेल्या निळ्या तेलरंगाच्या.
खालून अकरा. त्यातली एक पुसट, त्याच्या बापाची.
पौर्णिमेच्या उधाणाला नववी,
अष्टमीच्या भांगाला पाचवी.
आणि वेळ?
तिथीची पाऊणपट कर, म्हणाला.
चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा.
शाळेत जी पाऊणकी मी घोकून विसरले
ती इथे रोज दोनदा ओली होत होती.

अकरा दिवसांचं पाणी त्याने तोंडी सांगितलं.
मी वहीत उतरवलं.

रात्री वाद. दर्जाच्या रकान्यात
एक म्हणजे चांगलं, तीन शंकास्पद, चार चूक.
माणसाने पाहिलेल्याला आकडाच नाही.
तीन टाक, डेरिक म्हणाला.
माझ्या गाळाला एक देता ना, सफिना म्हणाली, मग?
त्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही,
एकाच्या घरी कुकरची शिटी झाली.
मी नवा रकाना उघडला: कोणी पाहिलं.
त्यात अजून एकच नाव आहे.

निघताना त्याने विचारलं होतं,
"आमचा पानी तुमचे मशीनमंदी गेला.
तुमचा पानी आमचे मोबाईलवर कवा यील?"

आमचा करार बावीस पानांचा.
'भागीदार' या शब्दाची व्याख्या चौथ्या पानावर आहे.
मी ती तीनदा वाचली.
तिच्यात संस्था बसतात, शिक्के बसतात,
जाळं मांडीवर घेतलेला माणूस कुठून घुसवायचा
ते कळेना.

तेव्हापासून संध्याकाळी, कचेरीचं काम मिटल्यावर,
मी मीटर मोडून खुणा करते,
नोट मोडून सुट्टे करावेत तशा,
आणि त्याला आवाजी निरोप धाडते:
उद्या पहाटे, चार वाजून दहा,
सातव्या खुणेच्या जरासं वर.

काल उत्तर आलं.
मागे इंजिनाची धडधड, कुणीतरी खोकतंय,
आणि हसुराम:
"दोन बोटा चुकलीस, बाय."

दोन बोटं.
मी पेन्सिल उचलली, ठेवली.
कुणाची बोटं, त्याची की बापाची,
हे विचारायला पुन्हा फोन हातात घेतला.